नळाशेजारच्या दगडाची दुसरी बाजू

ती. मेव्हणेबुवांस,

साष्टांग नमस्कार (कमरेमुळे उभ्यानेच घातला, गोड मानून घ्या). तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे माझी तब्येत बरी, अब्रू मात्र अंथरुणाला खिळली आहे.

झालं असं, की मोरी तुंबली म्हणून मागच्या अंगणातली फरशी उखडली, तर त्यातले पाच दगड कबरींवरचे निघाले. नावं, तारखा, सगळं खालच्या अंगाला. आधीच्या घरमालकाचा उद्योग (तो स्वतःच आता दगडाखाली, विचारणार कोणाला?). म्हटलं, विकून टाकू. जुन्या वस्तूंचा व्यापारी आला, ठोकून बघितलं आणि म्हणाला, माल झकास, पण नाव असलं की वारस येतात; बिननावाचा असेल तर उद्याच उचलतो. झालं! मी शहाण्याने संडास धुवायचं ॲसिड एका दगडावर ओतलं. नाव गेलं, साल गेलं. 'प्रेमळ पत्नी' एवढं मात्र काही केल्या जाईना.

मग वकिलाकडे गेलो (आधी जायचं असतं, हे मला नेहमी नंतर कळतं). तो म्हणाला, अंगणात सापडला म्हणून दगड तुमचा होत नाही. तो वारसांचा, नाहीतर दफनभूमीचा. कालपर्यंत तुम्ही नुसते विकायला निघाला होतात, आज पुरावाही पुसलात. तसाच दफनभूमीच्या कारकुनाकडे गेलो. त्याने नावं जुळवून चार दगड परत घेतले आणि विचारलं, "पाचवा कोणाचा?"

मी ते नाव नीट वाचलंसुद्धा नव्हतं, मेव्हणेबुवा. बिचारीला मी दुसऱ्यांदा मारलं. फार लाज वाटते. कारकून म्हणाला, बिननावाचा दगड वहीत चढत नाही, घरी न्या. व्यापारी आता फोन उचलत नाही.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. पाचवा दगड म्हणजे नळाशेजारचा. तुमची बहीण अठरा वर्षं त्यावरच कपडे धूत होती, वरची बाजू तिच्या हातांनी गुळगुळीत झालीय. तिच्या कबरीवर अजून नंबराची लाकडी पाटीच आहे. गुळगुळीत बाजूवर तिचं नाव कोरतो, त्या बाईची उरलेली अक्षरं खाली तशीच राहतील. पण कारकुनाला माहेरची सही लागते. कागद सोबत आहे.

आणखी एक. तिचं खरं जन्मसाल कळवा. मला सांगितलेलं साल ऐकलं की तुम्ही गालात हसायचात.

नको, राहू द्या. सही तेवढी पाठवा. साल तिने सांगितलेलंच कोरतो.