शेवट उत्तम आहे

प्रिय बाबा,

आला! शारदाक्कांच्या गोष्टीचा शेवट आज सकाळी आला आणि हे कुणाला सांगू, कुणाला नको असं मला झालं. आईला सांगितलं, तर ती "बरं झालं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. ज्याला सांगायला हवं तो माणूस वर्षापूर्वीच निघून गेलाय. म्हणून हे पत्र.

आधी भांडून घेते. तुम्ही खोटं बोललात, बाबा! चक्क लेखी! कारखान्यात उभा जन्म मालाची तपासणी करण्यात गेला, तपासल्याशिवाय कशावर सही केली नाहीत. आईने आमटी कशी झालीय विचारलं तरी दोनदा चाखून सांगायचात. आणि अशा माणसाने हे करावं?

तुमच्या त्या ग्रुपला मी किती हसायचे! 'चौकी नंबर नऊ' ही मालिका मी शाळेत असताना लागायची. जमादाराची होडी धुक्यात शिरली आणि मालिका तिथेच बंद पडली. तुम्ही चिडून वाहिनीला पत्र लिहिलं होतं, आठवतं? निवृत्त झाल्यावर तुम्हाला शोध लागला की तसेच चिडलेले लोक गावोगाव आहेत, आणि ते पुढच्या गोष्टी स्वतःच लिहून एकमेकांना वाचायला देतात. एकाने होडी किनाऱ्याला लावायची, दुसऱ्याने ती परत समुद्रात ढकलायची. स्वतःला चौकीकर म्हणवणाऱ्या त्या मंडळींत तुम्ही गोष्टीची एक ओळ लिहिली नाहीत. तुम्ही फक्त वाचायचात आणि दर रविवारी एका गोष्टीची शिफारस करायचात.

शिफारस तीन वाक्यांची. कुणी वाचावी, कुठे कंटाळा येईल, शेवट कसा आहे. शेवटी काय होतं ते कधीच सांगायचं नाही. आणि गोष्ट पुरी झाल्याशिवाय शिफारस नाही म्हणजे नाही. लोक डोळे मिटून तुमच्या भरवशावर वाचायला घ्यायचे. शिफारस खोटी ठरली तर ती सर्वांसमोर मागे घ्यायची आणि यादीत नावापुढे तसं लिहून ठेवायचं, हा ग्रुपचा नियम. तुमच्या नावापुढची जागा कायम कोरी होती.

मलाही किती वेळा म्हणालात, मुक्ता, ही एक वाच. मी म्हणायचे, वीकेंडला. हेब्बाळच्या ऑफिसातून घरी जे. पी. नगरला पोचेपर्यंत जीव निघालेला असायचा, हे खरं. पण वीकेंडलाही मी वाचली नाही, हेही तितकंच खरं. तुम्ही पुन्हा कधी टोकलं नाहीत. टोकायला हवं होतं, बाबा.

तुम्ही गेल्याचं कळवायला तुमच्या टॅबवर ग्रुप उघडला, तर तुमची शेवटची शिफारस वरच होती. येलहंक्याच्या शारदाक्कांची 'जमादारीणबाईंची होडी'. तुम्ही लिहिलं होतंत, "घर चालवून कंटाळलेल्यांनी वाचावी. बाराव्या प्रकरणात बाजारहाट जरा फार आहे. शेवट उत्तम आहे."

मग मी वाचायला बसले. काय गोष्ट आहे हो ती! नवऱ्याला शोधायला ती बाई स्वतः होडी चालवायला शिकते. कोकणातली म्हणून सांगतात, पण मासळीचा भाव करताना आपल्या इथल्या कानडी वळणाने "स्वल्प कमी करा" म्हणते. मी बसमध्ये मोठ्याने हसले, शेजारची बाई बघायला लागली. असं करत एकतिसावं प्रकरण संपलं, होडी खाडीच्या तोंडाशी आली, आणि पुढे काहीच नाही! मला वाटलं, टॅब बिघडला.

टॅब ठीक होता. गोष्टच अर्धी होती. दुःखाच्या गडबडीत ते तेव्हा कुणी काढलं नाही. पण गेल्या महिन्यात एका सभासदाने काढलं. ते ग्रुपवर 'काटेकोर' या नावाने वावरतात, रत्नागिरीकडचे निवृत्त हेडमास्तर आहेत म्हणे. त्यांनी लिहिलं, काकांबद्दल आदर आहेच, पण नियम सर्वांना सारखा. नसलेल्या शेवटाला काकांनी उत्तम म्हटलं. वर्ष वाट पाहिली. आता या रविवारपर्यंत शेवट आला नाही, तर त्यांच्या मुलीने त्यांच्या वतीने शिफारस मागे घ्यावी. मुलगी म्हणजे मी! माझ्या हाताने तुमच्या नावापुढे ते लिहायचं? नियमाने त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला.

मला खात्री होती की शारदाक्कांनी तुम्हाला शेवट फोनवर सांगितला असणार. बुधवारी रजा टाकली आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, येलहंक्याला, त्यांच्या दुकानात गेले. लेस, बटणं, अस्तराचं कापड. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहेत ते लोक. तुमचं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी मला आत बसवलं, कॉफी मागवली. मी शेवटाचं विचारलं.

"अण्णांना शेवट सांगितलाच नव्हता की मी," त्या म्हणाल्या. "मलाच गोत्तिल्ला, मलाच ठाऊक नाही, त्यांना काय सांगू?"

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं. ग्रुपवर कुणीतरी त्यांच्या भाषेची टिंगल केली होती, आधी मराठी शिकून या म्हणून. त्यांनी लिहिणं सोडायचं ठरवलं आणि ते फक्त तुम्हाला कळवलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, काही नाही. पुढच्याच रविवारी शिफारस टाकून मोकळे! घाबरून त्यांनी फोन केला, की अण्णा, शेवट नाहीच, हे काय लिहून बसलात?

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हणाले, मी सही करून बसलोय. आता माल तुम्ही द्या."

त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. त्यांना वाटलं, आता कुणाला द्यायचा? तुम्हाला शोभलं का हे, बाबा? एकीला कामाला लावून असं उठून जायचं?

मी त्यांना रविवारचं सांगितलं. त्या गिऱ्हाइकाची लेस मापत होत्या. मापता मापता थांबल्या.

"अण्णांच्या नावापुढं तसं लिवणार?"

मी हो म्हटलं.

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. "रविवार लांब आहे की."

गुरुवारी त्यांचा मेसेज, ओहोटीला खाडीच्या तोंडातून होडी बाहेर निघते का? मला काय कळतंय! मी कुणासाठी ते न सांगता ग्रुपवर विचारलं, आणि उत्तर दिलं कुणी? काटेकोरांनी! पानभर, आकृती काढून, वाऱ्याच्या दिशेसकट. मी हसून हसून बेजार झाले.

आज शनिवार. सकाळी चार प्रकरणं एकदम आली. उभ्याउभ्या वाचली, मग बसून परत वाचली, दोनदा, तुमच्यासारखी. उत्तम आहे, बाबा! तुमची मुलगी म्हणून म्हणत नाही, तपासून म्हणते. होडी काटेकोरांच्या आकृतीबरहुकूम बाहेर पडते, आणि जमादारीण शेवटपर्यंत शारदाक्कांसारखीच बोलते, एक शब्द बदललेला नाही. दुपारी काटेकोरांनी दोन शब्द लिहिले, "शिफारस कायम." खाली नुसता पाऊस अभिप्रायांचा. भाषेची टिंगल करणाऱ्याने आता तिसऱ्यांदा वाचतोय म्हणून कळवलंय.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकीकरांचं वाचून झालं. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की तो शेवट एकाच माणसाने वाचलेला नाही. ज्याने सगळ्यांना सांगितलं, शेवट उत्तम आहे, त्याने. टॅब मांडीवर घेऊन मी पुष्कळ रडले. मग आईने वरण-भात जेवायला बोलावलं.

रविवारची शिफारस उद्यापासून मी करणार. पुऱ्या झालेल्या गोष्टींची, दोनदा वाचून. शेवट तुम्हालाही ठाऊक नव्हता, हे ग्रुपवर कुणालाही कळणार नाही. आणि एक वचन देते. कुणी चांगली गोष्ट अर्धी टाकून उठायला निघालेलं दिसलं, तर मीही न लिहिलेल्या शेवटाखाली सही करीन.

एका खोटारड्या माणसाची मुलगी,
मुक्ता