बंद व्हॉल्व्हमधलं पाणी

मंगळवार संध्याकाळ, सॉल्ट लेक

तो स्क्रू ड्रायव्हर काही डोळ्यांपुढून हलत नाही. ऑफिसच्या एसीला इतकी वीज का लागते, हे मी महिनाभर कॉम्प्युटरवर शोधतेय. आज एसी प्लांटचे जुने ऑपरेटर हालदारदा तळघरात आले, मजल्यांवर एसीचं गार पाणी नेणाऱ्या पाइपांपैकी एकाच्या व्हॉल्व्हला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, त्याची मूठ कानाला, डोळे मिटलेले.

"मॅडम, पाँचवें पे पानी जा रहा है."

पाचवा मजला तर कधीचा रिकामा. व्हॉल्व्ह मीच बंद केलेला, म्हणजे स्क्रीनवर. धावत वर गेले. रिकाम्या खुर्च्या आणि हुडहुडी भरेल असा गारवा. कुणासाठी?

खाली येऊन मीही स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. नुसती घरघर. हालदारदांनी टोक बोटभर सरकवलं, आणि पाणी वाहताना ऐकू आलं.