दोन फोटू, एकच डोकं

शिवडी, मुंबई
ता. ३ डिसेंबर १९५७

तीर्थरूप कौतिकभाऊस,

पाया पडतो. पण पाया पडलो म्हणून तुझं म्हणणं कबूल केलं असं धरू नको.

असली गोष्ट उघड्या कार्डावर लिहितात का? 'हाई डोकं तुन्हं नही शे, कोनं शे ते सांग.' पोस्टमनने वाचलं, खोलीतल्या पोरांनी वाचलं, मग माझ्या हातात आलं.

तू माझ्या डोक्याचे दोन्ही एक्स-रेचे फोटू दारात उन्हाला धरलेस आणि शिरा जुळवल्या. बाजारात बैल घेताना दाखल्यावर लिहिलेला केसांचा भोवरा बैलाशी जुळवतोस तसं. पहिल्यात कानामागे जाड शीर, दुसऱ्यात ती जागा कोरी. म्हणजे सोयरीक मोडू नये म्हणून मी दुसऱ्या कुणाचं निरोगी डोकं पाठवलं. हेच ना?

आधी तुझा राग आला. मग भीती वाटली. दुसऱ्या फोटूच्या दिवशी शेजारच्या खाटेवर भुरा नावाचा माणूस होता, त्याचाही फोटू त्याच दिवशी निघाला होता. अदलाबदल झाली असली तर? अर्ध्या दिवसाचा पगार सोडून दवाखान्यात गेलो. फोटूवाल्याने हाकललं. मोठ्या डॉक्टरांची वाट बघत जिन्यात बसून राहिलो.

त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या वेळी मानेत सुई कुठल्या बाजूला टोचली?" मी मान चाचपली. तेव्हा डावीकडे. दुसऱ्या वेळी उजवीकडे.

"मग फोटो सारखे कसे येतील? शिरा फोटोत दिसाव्यात म्हणून सुईतून औषध सोडतो, त्या बाजूच्या शिरा भरतात. दुसरीकडचं साधं रक्त येऊन मिळालं की एखादी शीर पुसट होते. फोटो जरा उशिरा निघाला तरी चित्र बदलतं. आणि डाव्या-उजव्या शिरा जन्मापासूनच सारख्या नसतात, माझ्याही नाहीत. दोन्ही फोटो तुझेच. शिरांत रोग नाही."

भाऊ, तू पांझरेच्या पाण्यावर वाढलास. पाटकरी पाटाचं पाणी एका फडातल्या शेतांना सोडतो तेव्हा दुसऱ्या फडाच्या चाऱ्या कोरड्या दिसतात. त्या बुजल्या असं आपण म्हणतो का?

मला पटलं. जिना उतरेपर्यंत पटलं. खाली आलो आणि वाटलं, गरिबाला असंच काहीतरी सांगून वाटेला लावत असतील. परत वर गेलो. म्हटलं, साहेब, शिरा चांगल्या तर मी पडतो कशाने?

"फोटोत गाठ नाही, एवढंच फोटो सांगतो. फेफरं का येतं ते दर वेळी दिसत नाही. गोळ्या चुकवू नको."

आता लिहून गेलोच आहे तर ऐक. दिवाळीनंतर मी पुन्हा पडलो. साबणाच्या कढईपाशी. मुकादम रतिलालने गचांडी धरून मागे ओढलं, नाहीतर हे पत्र आलं नसतं. मागे लिहिलं ना, हलकं काम मिळालं म्हणून? ते हेच. वड्यांना कागद गुंडाळतो. पगार कमी.

आता माझं एक विचारणं. फोटू जुळत नाहीत हे पाचोऱ्याला झुलाल आबांच्या कानावर कोणी घातलं? मुलीचा बाप 'खुलासा द्या, नाहीतर नारळ परत घ्या' असं उगाच म्हणत नाही. फोटू घरात, आणि घरात तू आणि वहिनी. 'लगीन व्हयनं का हाऊ वाटा मांगी', ही वाटणीची धास्ती वहिनी चुलीपाशी बोलली तेव्हा मी ओट्यावरच होतो. वर तू लिहितोस, आबांना काही कळवू नको, मी बघतो. काय बघतोस?

सुगंधाला मी एकदाच पाहिलं, तेही पोहे खाता खाता. पण चूल तिला माझ्याबरोबर मांडायची आहे. मी पडलो तर मला आगीपासून ओढायचं तिलाच आहे. तिला आधी कळलं पाहिजे.

म्हणून दोन्ही फोटू झुलाल आबांच्या हातात दे. एक नाही, दोन्ही. आबांनी इकडे यावं, डॉक्टरांना स्वतः विचारावं. फेफऱ्याचं मी माझ्या तोंडाने सांगेन. मग नारळ परत आला तर त्यांच्याकडे बोट दाखवायचं नाही, तूही नाही, वहिनीनेही नाही. आबांच्या सोबतीला तू येऊ नको.

तुझ्यावर भरवसा ठेवायची फार इच्छा असलेला,
अभिमन

आबांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि वाटखर्च आजच मनीऑर्डरने पाठवला. तुझ्या नावाने नाही, त्यांच्या नावाने. सोळा रुपये.