मांजरीच्या नावावर

माय, गेल्या महिन्यात तुझी वाकळ उघडली. भर दुपारी खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केला आणि कामाची बॅटरी लावली. तिचा उजेड जांभळा पडतो. त्यात कापडावरचे मुताचे डाग पिवळट-हिरवे चमकून उठतात, किती का जुने असेनात. माझा धंदाच तो हाय. इथं बंगळुरात लोक मांजरं सोफ्यावर झोपवतात, आणि मांजर मुतलं की आमच्या मालकाला फोन करतात. मग मी मशीन घेऊन जातो. तुझं पोरगं सातवीतून पळालं, पुण्यात टिकलं न्हाई, सुरतेत टिकलं न्हाई, आणि शेवटी मांजराच्या मुतावर टिकलं. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

काम अवघड न्हाई, धीर पाहिजे. ओला डाग घासायचा न्हाई, फडक्यानं नुसता टिपायचा. गरम पाणी तर कधीच न्हाई, त्यानं वास धाग्यात बसतो. थंड पाणी, थोडं व्हिनेगर, मग डाग खाणारं एक औषध आतपर्यंत मुरवायचं, वरून प्लॅस्टिक झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर वाळू द्यायचं. घाई केली की वास गेला असं वाटतं, आणि हवा दमट झाली की उठून बसतो. तू सगळं उलटं करायचीस. उकळतं पाणी, राख, वरून रॉकेलचा शिंतोडा, आणि ते पण अंगणात, सगळ्यांच्या देखत. हे काम शिकल्यावर मला वाटायचं, माझी माय लई अडाणी होती.

आपली करडी मांजर तूच आणली होतीस, ज्वारीला उंदीर लागायचे म्हणून. माझा बाप कायम ट्रकवर, घरात सत्ता चुलतीची. सकाळी वाकळ ओली असायची आणि चुलतीनं विचारायच्या आत तू बोलून मोकळी, मेलीनं परत घाण केली. चुलतीच्या हातात दुसरं औषध होतं. गल्लीतलं एक पोरगं अंथरुणात मुतायचं, तर तिनं त्याच्या पोटाला तापल्या उलथन्याचा चटका दिलता. त्याची माय त्याचे पाय दाबून धरून बसली होती आणि तू दारात उभी राहून बघत होतीस. मी तुझ्या लुगड्याला बिलगून वर तुझ्या तोंडाकडं बघत होतो. ते ओरडणं मला आठवतं, पण त्याचा आपल्या वाकळीशी काही संबंध असंल हे मला कधी सुचलं न्हाई.

मग चुलत्यानं मांजर पोत्यात घातली, मोटरसायकलला बांधली आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यांजवळ सोडून आला. तू चुलीपुढं बसलेलीस. तव्यावरची भाकर करपली. थोडे दिवस गेले आणि वाकळ परत ओली. चुलती कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "मांजर तर गेली. आता कोण मुतलं गं?" तू माझ्याकडं बघितलं न्हाईस. वर पत्र्याकडं बघितलंस. म्हणालीस, "आलती. पत्र्याच्या फटीतून आलती. मी बघितली तिला."

तेव्हापासून ती मांजर कोणाला न दिसता आपल्या घरात राहायला लागली. चुलत्यानं फट बुजवली, तरी ती यायची. चुलती म्हणायला लागली, वाटेत गाडीखाली मेली असंल, तिचा जीव या वाकळीत अडकलाय. दारावर लिंबू-मिरची आली. मी पत्र्याकडं बघत पडायचो आणि मला पावलं ऐकू यायची, मऊ, एकामागं एक. माय, खरंच यायची. अजून येतात. लोकांच्या फ्लॅटात पडदे ओढून बॅटरी लावली की पाठीमागून काहीतरी जातं आणि मी वळून बघतो. म्हणूनच आधी कुठल्या गावात टिकलो न्हाई मी.

त्या वर्षी दसरा काढायला आपण घरातली सगळी अंथरुणं धुवायला सिंदफणेवर नेली. नदीला डबकंच होतं. वाकळ नुसती भिजली, स्वच्छ निघाली न्हाई. पलीकडच्या दगडावर कोणाची तरी मांजर बसली होती. मी तिला धोंडा मारला, पायाला लागला तिच्या. तू वाकळ टाकून आलीस आणि ओल्या हातानं माझ्या कानाखाली दिलीस. त्याआधी तू मला कधी मारलं नव्हतंस. "तिनं तुझं काय वाईट केलंय रे?" मी रडत म्हणालो, तीच आपल्या वाकळीवर मुतती. तू वाकळीचं एक टोक माझ्या हातात देऊन म्हणालीस, पीळ.

पुढच्या दसऱ्याला तू नव्हतीस. वाकळ माळ्यावर गेली. मला झोपच लागायची न्हाई, उघड्या डोळ्यानं पडून राहायचो, आणि अंथरूण कोरडं राहायला लागलं. चुलती म्हणाली, गेली बाई ती मांजर, हिच्यासंगं गेली.

यंदा गावाकडं गेलतो तेव्हा चुलती वाकळ उकिरड्यावर टाकायला निघाली होती. मी म्हणालो, दे, माझा धंदा हाय. आणि गेल्या महिन्यात बॅटरी लावली. मांजर मुतायला कोपरा बघतं, कड बघतं. हे डाग मधोमध होते, गोल, एकावर एक, बारक्या पोराची कंबर येईल तिथं. माझ्या शेजारी तू निजायचीस त्या बाजूला एकही न्हाई. पाणी शिंपडून नाक लावलं. मांजराचा वास मी झोपेतही ओळखीन. हा तो नव्हता. तुझं रॉकेल कोणाच्या नाकासाठी होतं ते तेव्हा कळलं.

मागल्या आठवड्यात एका घरी गेलतो. सून म्हणाली, मांजरीनं दिवाण नासवला, उद्या तिला कोणालातरी देऊन टाकणार. मांजर आधीच टोपलीत कोंडलेली. म्हातारा सासरा खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडं बघत होता. पडदे ओढले. डाग मधोमध. नाकानं पण तेच सांगितलं. मी मान वर केली तर म्हातारा माझ्याकडं बघत होता, आणि ते डोळे मी दारात उभ्या असलेल्या तुझ्या तोंडावर बघितले होते. सून विचारती, "मांजरीचंच ना?" माझ्या तोंडून निघालं, हो, मांजरीचंच. मग टोपलीतून मांजर माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, द्यायचीच असंल तर मला द्या.

ती आता इथं हाय. वाकळीवर तिनंच जागा केली. औषधाची बाटली आणून ठेवलीय, बूच अजून उघडलं न्हाई. आता पावलं वाजली की वळून बघतो, तर खरंच मांजर असती. पण माय, कधी ती समोर झोपलेली असती, आणि तरी मागं पावलं येतात, तू पत्र्याच्या फटीतून आणलेल्या मांजरीची. तेव्हा मी वळत न्हाई. वळलो की ती थांबतात, आणि मला ती थांबायला नको हायेत.