सील न फोडलेल्या बाटल्या

१९ सप्टेंबर

प्रिय ठमे,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते. पण वेळ भरपूर होता, तोंड नव्हतं.

इंटर्नशिप तू स्वतः शोधलीस याचं मला केवढं कौतुक होतं! बाबांना कुणाला फोन करू दिला नाहीस. बारा ठिकाणी अर्ज केलेस, तीन उत्तरं आली, त्यांतलं एक आमच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं. तरी हुरळली नाहीस. इथे आधी काम केलेल्या दोघांचे नंबर मिळवलेस. मुलगा म्हणाला, ठीक आहे. अर्ध्यातून सोडून गेलेल्या मुलीने मात्र तू विषय काढताच फोन ठेवला. म्हणून तू माझ्याकडे आलीस, ओट्यावर चढून बसलीस आणि माझीच मुलाखत घेतलीस. "काम हातात देतात की नुसत्या बाटल्या विसळायच्या? आणि ती मुलगी अर्ध्यातून का गेली गं?" मी भांडी पुसत म्हणाले, "हल्लीच्या मुलांना दम कुठे असतो!" तू हसलीस. "तू म्हणतेस ना, मग झालं."

ती का गेली ते मला ठाऊक होतं. घाईच्या दिवसांत आमच्याकडे नमुने तपासतच नाहीत. मागचे आकडे थोडे वरखाली करून नव्या तक्त्यात भरतात आणि खाली विद्यार्थ्याची सही घेतात. बाटल्यांची सीलंसुद्धा शाबूत असतात. सतरा वर्षं मी हे बघते आहे. तुला सांगितलं असतं, तर इतकी वर्षं गप्प का, हेही सांगावं लागलं असतं. शिवाय, खरं सांगते, रोज डब्याला तुझी सोबत होईल असंही वाटलं होतं.

तिसऱ्याच आठवड्यात तू सगळ्यांसमोर विचारलंस, "मावशी, बंद बाटलीतल्या पाण्याचा आकडा आला कुठून?" साहेब म्हणाले, "सांगा की मावशी, तुम्ही मुरलेल्या आहात." सगळे हसले. मीही हसले, आणि ते तू पाहिलंस. तू सही केली नाहीस. दोन दिवसांनी तुझ्या कॉलेजला पत्र गेलं आणि तुझं सत्र बुडालं.

ताई सांगते, तू साहेबांना शिव्या घालतेस, मला नाही. "मावशी बिचारी काय करणार," म्हणतेस म्हणे. ठमे, ते पत्र मी लिहिलं. 'कामात लक्ष नाही' एवढंच पुरे, असं साहेबांचं म्हणणं होतं. 'बेशिस्त आणि खोटारडी' हे शब्द माझे. बाटल्यांबद्दल तू काही बोललीस तर कुणाला खरं वाटू नये म्हणून. काल कॉलेजचं चौकशीचं बोलावणं आलं. तू तुझी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं आहेस. बारा जागा पारखून बघणारी तू, मला कसं गं पारखलं नाहीस? तिथे कळण्याआधी हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं; पत्र आज रात्रीच ताईकडे देऊन येते. बिचारी मात्र म्हणू नकोस.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
मावशी

(माझ्यासाठी टिपण) उद्या: अकरा वाजता कॉलेजात, न तपासलेल्या नमुन्यांच्या तक्त्यांच्या प्रती सोबत नेणे.