तो लढायला गेला नव्हता

सर, तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. तुमच्या संपादकाच्या खोलीत आता मी बसते आणि पुढच्या वर्षी मीही निवृत्त होईन. गेल्या काही महिन्यांत जे घडलं ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही, ऑफिसात तर नाहीच. ज्याच्यापुढे मान खाली घालून उभं राहावं असा माणूस आता माझ्या आसपास उरलेला नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

आखातात लढाई पेटली तेव्हा मी पेपरात लागून जेमतेम आठ महिने झाले होते. टेलिप्रिंटर खडखडतोय, मी कागद फाडून आणतेय, उभ्याउभ्याच भाषांतर करतेय. मथळा दिला होता, ‘दूरच्या युद्धाचा भडका, तेल महागणार’. तुम्ही तो वाचलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि सगळ्यांसमोर विचारलंत, “दूर? कुणापासून दूर?” मी म्हटलं, “आपल्यापासून, सर.” तुम्ही म्हणालात, “आपल्या विजापूर वेशीतला एक शिंपी तिकडं अडकलाय. त्याच्या आईला विचारून ये किती दूर आहे ते. मग मथळा दे.” मी डोळे पुसतच गेले. म्हातारी रेडिओला कान लावून बसली होती. बातम्यांतलं तिला काही कळत नव्हतं. तिनं मला एवढंच विचारलं, “उधर ठंडी पडती क्या, बेटी? वो स्वेटर नहीं ले गया.” मी परत आले आणि मथळ्यातला पहिला शब्द खोडला. त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. स्वयंपाकघरात काकू भाकरी थापतायत, पाटावर बसून तुम्ही मला राजकारण समजावताय. कुणाच्या तरी लढाऊ विमानांना आपल्या विमानतळावर तेल भरू दिलं म्हणून दिल्लीतलं सरकार हललंय, असं तुम्ही सांगत होतात. “लढाई तिकडं, खुर्ची हितली हलते. आणि मधल्यामधी शिंपी अडकतो. आपण शिंप्याची बातमी द्यायची.” काकूंनी माझ्या ताटात शेंगांची चटणी वाढली आणि तुम्हाला म्हणाल्या, “आधी जेवू द्या की तिला.” तो शिंपी दोन महिन्यांनी सुखरूप परत आला.

आताही एक लढाई चालू आहे, कित्येक वर्षं चाललीये. त्या थंड मुलखाशी आपली जुनी दोस्ती. आपण त्यांच्याकडून तेल घेतो. आपल्या सोलापूरचे टॉवेल घेणारा देश त्यांच्यावर चिडलेला, तेल घेता म्हणून त्यानं आपल्या मालावर जबर कर बसवला. दिल्लीला दोघंही हवेत. इथं अक्कलकोट रोडवरचे कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालू लागले. अठरा वर्षं मागावर उभा राहिलेला एक विणकर घरी बसला आणि मग एका एजंटाच्या सांगण्यावरून परदेशी गेला. गोदामात माल उचलायचं काम, असं त्याला सांगितलं होतं. कुठल्या देशात, तर त्याच थंड मुलखात. तिथं उतरल्यावर कागदांवर सह्या घेतल्या, त्याला न येणाऱ्या भाषेत, आणि आठ दिवसांत अंगावर वर्दी चढवून त्याला आघाडीवर धाडलं. त्यानं बायकोला दोनदा फोन केला. तिसरा फोन दुसऱ्याच कुणाचा तरी आला, तो गेला असं सांगणारा.

त्याची बायको माझ्याकडे आली तेव्हा महापालिकेच्या निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. विड्या वळणारी बाई, घरात तेलुगू बोलणारी, मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. ती म्हणाली, “मॅडम, ह्या पार्टीच्या साहेबांकडं गेले. ते म्हणाले, त्या देशाशी आपलं लई चांगलं हाय, आता गाजावाजा करू नका, दिल्लीत अडचण होते. त्या पार्टीवाले घरी आले. सभेत स्टेजवर बसा म्हणतात, ह्यांचा फोटो बॅनरवर लावतो म्हणतात. मला कुणाच्या स्टेजवर नाही बसायचं.” “मग तुम्हाला काय हवंय?” मी विचारलं. तिनं पदर सारखा केला. “एवढंच लिहा की, तो लढायला गेला नव्हता. माझ्या पोरीला शाळेत विचारतात, तुझा बाप तिकडं माणसं मारत होता का म्हणून. त्यांनी कधी कोंबडी कापली नाही हो, मॅडम.”

मी तिच्या घरी गेले, एजंटानं दिलेली चिठ्ठी पाहिली, नवऱ्याचा आवाज तिनं फोनवर साठवून ठेवला होता तो ऐकला. तो तेलुगूत रडत होता. भाषा येत नसतानाही मला सगळं समजलं. परत येऊन मी बातमी लिहिली, सर, पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या हातानं लिहिली. मथळा होता, ‘परदेशी सैन्यात जबरदस्तीने भरती केलेल्या सोलापूरच्या विणकराचा मृत्यू’. मग मी तो पाहत बसले. बाहेर प्रचाराची रिक्षा फिरत होती. सारं जग आज आपला सल्ला घेतं, लढणारे दोघंही आपल्याला विचारतात, असं त्यातला माणूस ओरडून सांगत होता. मला वाटलं, मित्रदेशावर थेट आरोप होतोय. एक पक्ष म्हणेल पेपर विकला गेला, दुसरा उद्या हीच बातमी सभेत फडकवेल. निवृत्तीला वर्ष राहिलंय. मी ‘जबरदस्तीने’ काढलं. थोड्या वेळानं ‘केलेल्या’चं ‘झालेल्या’ केलं. तिचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात होतं, जागा नाही म्हणून तो परिच्छेद गेला. बातमी सहाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेपर घेऊन आली. बरोबर आठवीतली मुलगी. मुलीनं माझ्या टेबलापाशी उभं राहून बातमी मोठ्यानं वाचली, धड्यासारखी, स्वल्पविरामाला थांबत. आईनं तिला मथळा पुन्हा वाचायला सांगितला. मग मला विचारलं, “मॅडम, भरती झालेल्या म्हणजे तो आपणहून झाला, असंच होतं ना मराठीत?” मी पेनाला टोपण लावलं. “आणि मी सांगितलं होतं ते कुठंय?” मुलगी पान उलटून मागं शोधत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, “वरून फोन आला होता. माझ्या हातात नव्हतं.” बाईचा चेहरा एकदम सैल पडला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती उलट माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “वरून म्हटल्यावर तुमी तरी काय करणार की. तुमची पण नोकरीच हाय.”

निवडणूक झाली, गुलाल उधळला गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याला आणलं, बंद पेटीत. उघडू नका असं बरोबरच्या कागदावर लिहिलेलं. प्रचारात ज्या दोन्ही पक्षांच्या गाड्या तिच्या बोळात येत होत्या, त्यांतलं कुणी फिरकलं नाही. कारखान्यातले सोबती आले होते, एकजण पेटीवर नवा कोरा टॉवेल घालून गेला. पेटीबरोबर आलेल्या कागदात त्याला स्वेच्छेने दाखल झालेला सैनिक म्हटलं होतं. आमच्या बातमीचं कात्रणही कुणीतरी दारावर चिकटवलं होतं, तेही तेच सांगत होतं. मी मागं भिंतीला टेकून उभी होते. तिनं मला पाहिलं, बायकांमधून वाट करून आली आणि मला हाताला धरून आत नेलं. “बसा की, मॅडम.” मग आपल्या जावेला, नणंदेला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मुलीनं ते मला मराठीत करून दिलं, “आई म्हणते, ह्यांनी खरं लिहिलं होतं, वरच्यांनी कापलं.” त्या दोघींनी मला हात जोडले. मी पण जोडले.

सर, फोन आला नव्हता. त्या संध्याकाळी ना मालकांनी काही विचारलं, ना कुठल्या पक्षानं, ना दिल्लीनं. एवढ्या लहान बातमीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मी घाबरले ते कुणी घाबरवण्याच्या आधीच. दुरुस्ती छापता येते, ती अजूनही छापता येईल, चार ओळींची चौकट लागेल. रोज पान लावताना मला ती जागा दिसते आणि रोज मी तिथं दुसरं काहीतरी लावते. हे सगळं खरं तर त्या बाईला सांगायचं होतं. तुम्ही उत्तर देऊ शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.