पदकाच्या किनारीवरचं नाव

तात्यापारा, रायपूर
२८ जानेवारी २०२५

चि. शिशिर यास,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा दुखायचा तेवढाच दुखतो. गंधालीने आणलेले तिळाचे लाडू पोचले, तिच्या आईला कळव. हे पत्रही तुझ्या लेकीच्याच हाती देते आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला सगळी वाक्यं पुरी करायची आहेत.

ते पराक्रम पदक, शत्रूच्या हातून जखमी झालेल्या जवानाला मिळतं ते, कुठून आणलंस?

परवा नव्या रायपूरच्या त्या शाळेत तुझं प्रदर्शन उघडलं. हेल्मेटं, होकायंत्रं, पाण्याच्या बाटल्या, तो मेलेला वायरलेस सेट, सगळं मांडलं होतंस. पंधरा वर्षं भंगारवाल्यांच्या मागे हिंडून गोळा केलेलं तुझं सामान, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ज्याचा त्याचा शौक. पण मधोमध काचेच्या कपाटात तुझ्या दादाची वर्दी होती. तिच्यावर तीन पदकं असायला हवी होती. नऊ वर्षांच्या सेवेचं एक, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं एक आणि सैन्य सेवेचं एक. त्यांची फौजेची पेटी तुला दिली तेव्हा मीच ती पदकं तुझ्या हातावर ठेवली होती. परवा चार होती. खाली तुझी पाटी होती, ‘शत्रूच्या गोळीबारात जखमी, कर्तव्यावर वीरमरण’.

माझ्या अर्जुनने पाचशे पोरांसमोर भाषण केलं. माझे वडील लढता लढता गेले, म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटोसाठी तू कपाट उघडलंस आणि ते पदक त्याच्या हातात दिलंस. इतका हुशार तू, आणि एवढं तुझ्या लक्षात आलं नाही? चौबे कॉलनीतल्या तुझ्या त्या वरच्या खोलीत तो लहानपणी भिंग घेऊन बसायचा. पदक हातात आलं की आधी किनार बघायची, तिथे जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, हे त्याला तूच शिकवलंस. त्याने किनार बघितली. तिच्यावर तुझ्या दादाचं, भास्कर हे नाव नव्हतं. शंकर नेताम होतं.

गाडीत बसल्यावर म्हणाला, ‘‘मम्मी, ये शंकर नेताम कौन है?’’

मी म्हटलं, ‘‘काकाले विचार.’’

‘‘उनसे बाद में पूछूंगा. पहले आप बताओ. पापा को गोली लगी थी कि नहीं?’’

मी खिडकीबाहेर बघत बसले. तात्यापारा येईपर्यंत बघत बसले. मला दारात सोडून तो नव्या रायपूरच्या आपल्या फ्लॅटवर निघून गेला. रविवारी येईन म्हणाला, तोवर विचार करून ठेवा. आईला ‘विचार करून ठेवा’ म्हणून सांगतो.

तुमच्या त्या शौकात म्हणे सेट पूर्ण करायचा असतो. कोटाचं एक बटण हरवलं तर तसल्याच दुसऱ्या कोटाचं आणून लावायचं. तू माणसालाही बटण लावतोस? त्या शंकर नेतामने कुठेतरी खरोखर गोळी खाल्ली असेल. त्याच्या घरच्यांवर काय वेळ आली म्हणून ते पदक भंगारात गेलं, देव जाणे. आणि तू ते उचलून दुसऱ्याच्या छातीवर टोचलंस, कारण तिथे तुला जागा रिकामी दिसली. तुझ्या भावाची छाती तुला रिकामी दिसली, शिशिर.

ते कसे गेले ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यात पदक लावण्यासारखं काही नव्हतं, असं तुझं म्हणणं असेल तर तसं तोंडावर सांग.

तू दहावीत होतास तेव्हा मी या घरात आले. तुला धाकट्या भावासारखं वागवलं. आज तुझं तोंड बघायची इच्छा नाही. ते पदक उतरव, पाटी उतरव, आणि रविवारच्या आत अर्जुनला स्वतः जाऊन सांग की हा उद्योग तुझा आहे.

मीनाक्षी


चौबे कॉलनी
३० जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पदक मी लावलं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून तीन वर्षांपूर्वी घेतलं होतं. किनार मला ठाऊक होती. बंद काचेतून ती कोणाला दिसणार, असं वाटलं. माझी चूक आहे, सबब सांगत नाही.

पण काहून लावलं ते ऐक. मागच्या वर्षी हेच प्रदर्शन दुसऱ्या शाळेत होतं. तेव्हा तीनच पदकं होती आणि पाटीवर नुसतं दादाचं नाव. मी दिवसभर तिथे उभा होतो. पोरं फुटक्या हेल्मेटपाशी थांबायची, वायरलेसची बटणं फिरवायची, आणि दादासमोरून न थांबता पुढे जायची. एका मास्तरांनी तर विचारलं, ‘‘ये किसका सामान है, कुछ खास किया था क्या?’’ माझ्या भावासमोर कोणी दोन मिनिटं थांबत नाही हे मला बघवलं नाही. माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा होता.

आता तुला एक विचारतो. पाटी मी यंदा लिहिली. अर्जुन तीन वर्षांचा होता तेव्हापासून त्याला ‘पप्पा लढाईत गेले’ हे कोण सांगून राहिलं होतं? दादाजवळ शेवटी आपण दोघंच गेलो होतो. मी बावीस वर्षांचा पोट्टा होतो. परतीच्या गाडीत तू जे बोललीस ते मी विसरलो नाही. तू म्हणालीस, ‘‘पोराले काय सांगू? बाप चहा करता करता मेला म्हणून सांगू?’’ मी तेव्हा गप्प बसलो, आणि तेवीस वर्षं गप्पच आहे.

आणि वहिनी, त्या दिवशी पाटी वाचूनच तू पुढच्या रांगेत बसलीस. वीरपत्नी म्हणून तुझं नाव पुकारलं. शाल घेतलीस ना?

अर्जुनला मी सांगायला तयार आहे. पण मग सगळंच सांगेन. ते तुला चालेल का, तेवढं कळव.

तुझा
शिशिर


तात्यापारा
३ फेब्रुवारी २०२५

शिशिर,

शाल घेतली. नारळही घेतला. पाटी चष्मा लावून नीट वाचली होती, आणि तरीही जाऊन बसले. तुझं पत्र वाचून इतका संताप आला की दोन दिवस मी गंधालीशीही धड बोलले नाही. त्या पोरीचा काय दोष. संताप अजून आहे. पण तू लिहिलंस त्यातला एकही शब्द खोटा नाही, हे कबूल करते.

तुला सांगू दिलं नाही, कारण ते माझं काम होतं. काल अकरा वाजता अर्जुन आला. बूट न काढता दारातच उभा राहिला. मी त्याला तिथेच सांगितलं. तुझे पप्पा सैन्यात लांगरी होते. लढाईच्या मोर्च्यावर नव्हते, मागे छावणीच्या भटारखान्यात होते. एकशेवीस जवानांचा पहाटेचा चहा ठेवताना रॉकेलचा बर्नर फुटला. ते भाजले. आम्ही पोचलो तेव्हा जिवंत होते, मला ओळखलं त्यांनी. पाचव्या दिवशी गेले.

‘‘कुक थे?’’ तो म्हणाला.

‘‘हव.’’

‘‘तो इसमें छुपाने का क्या था, मम्मी?’’

शिशिर, तेवीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, कारण मी कोणाला विचारू दिला नव्हता. लाज मला वाटत होती. ते गेल्यावर वाटायला लागली असंही नाही, ते असतानाच वाटत होती. पाऱ्यातल्या, आजूबाजूच्या बायका विचारायच्या, तुझा नवरा फौजेत काय करतो? मी म्हणायची, फौजेत आहेत. पुढचं बोलतच नसे. पेटी तुला दिली तीही, तेव्हा सांगितलं तसं, किडे लागतील म्हणून नव्हे. ती घरात असली की मला तिचा जाच व्हायचा.

मग अर्जुनने विचारलं, घरी कधी काही बनवायचे का? तेव्हा मला तेही सांगावं लागलं. तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत एका सकाळी त्यांनी खिचडी केली. चौघांची करायला बसले आणि चाळीस माणसांची झाली, हाताला सवयच तशी. स्वतःवरच हसत हसत पातेलं घेऊन पाऱ्यात घरोघरी वाटत फिरले. लोकांनी बोटं चाटून खाल्ली. आणि मी रात्री त्यांना म्हटलं, इथे तरी लांगरीपणा करू नका, लोक हसतात. कोणीही हसलं नव्हतं. त्यानंतर ते कधी माझ्या स्वयंपाकघरात आले नाहीत. पाणीसुद्धा बाहेरून मागायचे.

हे ऐकून अर्जुन म्हणाला, ‘‘आप दोनों ने मिलके मेरा बाप बदल दिया.’’ आणि गेला. मी ताट वाढून ठेवलं होतं. आज सकाळपासून तीनदा फोन केला, उचलत नाही. उचलेल की नाही मला माहीत नाही, आणि उचलावा असं म्हणायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही.

पण याचा अर्थ तू सुटलास असा काढू नकोस. माझं खोटं माझ्या घरात होतं, एका लेकराला झोपवताना सांगितलेलं. तू त्याला काचेचं कपाट केलंस, दिवे लावलेस, दुसऱ्या माणसाचं रक्त आणून लावलंस. तुझं तुझ्या दादावर प्रेम होतं म्हणतोस. होतं, मी बघितलं आहे. मग तो जसा होता तसा तुला का पुरला नाही? मला पुरले नाहीत ते नाहीतच. तुला तरी पुरायला हवा होता.

आता मी सांगते तसं कर. शंकर नेतामचं पदक अर्जुनच्या हवाली कर. किनारीवर नंबर आहे, त्यावरून घर शोधणार आहे तो, जाताना दारातून तेवढंच सांगून गेला. तू मधे पडू नकोस, खर्चही विचारू नकोस.

वर्दी कपाटातून काढू नकोस. प्रदर्शन नऊ तारखेपर्यंत आहे ना? तोवर ती तिथेच राहील, तीन पदकांसह. पाटी मात्र मी लिहून देते ती लाव. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस:

‘सिपाही भास्कर. लांगरी. रोज एकशेवीस माणसांना दोन वेळा जेवू घालत. पहाटेचा चहा करताना भाजून पाचव्या दिवशी मृत्यू. हे त्यांच्या पत्नीने तेवीस वर्षं लपवलं.’

शेवटचं वाक्य वगळायचा मोह होईल तुला. वगळू नकोस. समोरून पोरं न थांबता गेली तर जाऊ दे. मी दहा वाजता शाळेत येईन आणि संध्याकाळपर्यंत तिथे उभी राहीन, रोज. कोणी विचारलंच, कुछ खास किया था क्या, तर मी सांगेन.

आशीर्वाद आज लिहवत नाही.

लांगरी भास्कर यांची बायको
मीनाक्षी